टाकीतला मोठा क्रेफिश: कवच, कॅल्शियम आणि गोव्याचे पाणी

दुकानातून ‘निळा लॉबस्टर’ म्हणून घेतलेला प्राणी आठ-पंधरा दिवस घरच्या टाकीत नीट वावरतो आणि एका सकाळी तळाशी मरून पडलेला दिसतो. डोळे, मिशा, डेंगे, पाय सगळे जागच्या जागी असते, फक्त हालचाल नसते. मुले रडकुंडीला येतात. मग कोणीतरी चमच्याने त्याला उचलते तर तो कागदासारखा हलका लागतो, आणि दगडाआड तसाच दुसरा, थोडा मोठा आणि ताज्या रंगाचा बसलेला दिसतो. एकाचे दोन झाले कसे?

म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या रंगीत माशांच्या दुकानांत हे प्राणी दिसू लागल्यापासून असे प्रश्न सारखे कानावर येतात. या एका प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर क्रेफिशला कसले पाणी लागते, काय खायला घालावे, त्याला एकटे का ठेवावे, हे सगळे आपोआप उलगडत जाते. आणखी एक गोष्ट मात्र वेगळी समजून घ्यावी लागते: तो पिल्ले कशी देतो. गोव्यात तर ती पाळणाऱ्यापुरती राहत नाही, गावच्या व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) आणि खाजनापर्यंत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांपर्यंत पोचते.

हा प्राणी नक्की कोण?

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, कवचाचा, दहा पायांचा प्राणी. दिसायला शेवंडीसारखा, पण शेवंड समुद्रातली आणि हा नदी-तळ्यातला. कोळंबी आणि कुर्ली हे त्याचे लांबचे नातेवाईक. जगात त्याच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. उत्तर अमेरिका, युरोप, पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका, अगदी मादागास्कर बेटावरही तो मूळचा आहे. भारतात मात्र मूळचा एकही क्रेफिश नाही. आपल्याकडच्या टाक्यांत जो दिसतो तो इथे आणलेला किंवा आणलेल्यांची पिलावळ.

‘मोठा’ म्हणजे किती मोठा? टास्मानियाच्या उत्तरेकडच्या नद्यांतला महाकाय क्रेफिश पूर्वी ६ किलोपर्यंत भरल्याच्या नोंदी आहेत. पाठीचा कणा नसलेला एवढा मोठा प्राणी गोड्या पाण्यात दुसरा नाही. मादी पहिल्यांदा अंडी धरते तेव्हा साधारण १४ वर्षांची असते, त्यामुळे पकडून पकडून तो संपत आला आणि १९९८ पासून त्याच्या शिकारीवर बंदी आहे. त्याला थंड, वाहते, सावलीतले पाणी लागते. त्याची छायाचित्रे पाहून कोणी तो मागवण्याचा विचार करत असेल तर तो इथेच सोडून द्यावा.

घरच्या टाकीत शोभेल असा मोठा क्रेफिश म्हणजे ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ. क्वीन्सलँड, नॉर्दर्न टेरिटरी आणि न्यू गिनीचा दक्षिण भाग हे त्याचे माहेर. शेपटीपर्यंत वीतभर किंवा त्याहून लांब होतो आणि मोठा नर अर्ध्या किलोच्या पुढे जाऊ शकतो. अंग निळसर-हिरवे, आणि वयात आलेल्या नराच्या डेंग्याच्या बाहेरच्या कडेला लाल मऊ पट्टा. स्वभावाने इतर बऱ्याच जातींपेक्षा शांत. याशिवाय बाजारात अमेरिकेच्या लुइझियानाकडचा लाल क्रेफिश, फ्लोरिडाचा गडद निळा क्रेफिश आणि संगमरवरी नक्षीचा ‘मार्बल्ड’ क्रेफिश फिरतात. हे आकाराने लहान, पण कमी त्रासाचे नाहीत. त्यांच्याविषयी पुढे.

मेला नव्हता, कवच टाकले होते

आपली हाडे आत असतात आणि शरीराबरोबर वाढतात. क्रेफिशचा सांगाडा बाहेर असतो. कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे थर आणि त्यांत भरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, असे हे कवच. ते एकदा कडक झाले की वाढत नाही. म्हणून वाढायचे तर जुने कवच टाकून बाहेर पडणे हाच एक मार्ग. पिल्ले काही दिवसांनी कवच टाकतात, मोठे झाल्यावर हे अंतर काही महिन्यांपर्यंत जाते.

तयारी आधीपासून चालू होते. जुन्या कवचाखाली नवे मऊ कवच तयार होऊ लागते. जुन्या कवचातला थोडा चुना शरीर काढून घेते आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपाने साठवते. युरोपात एकेकाळी औषधविक्रेते या गोट्या पोटातल्या जळजळीवर विकत असत, आणि त्यात तथ्य होते, कारण चुना आम्ल मारतो. क्रेफिशला त्या कवच टाकल्यानंतरच्या पहिल्या तासांत उपयोगी पडतात: त्यांतला चुना विरघळून तोंडाचे आणि जठराचे दात आधी कडक होतात, म्हणजे त्याला पुन्हा खाता येते.

या काळात तो खाणे सोडतो, आडोशाला बसून राहतो, रंग मळकट दिसतो. पाठीचे कवच आणि शेपटी यांच्यामधला सांधा फुगल्यासारखा वाटतो. मग तो एका कुशीवर पडतो, त्या सांध्यापाशी कवच उघडते, आणि तो मागच्या मागे अंग ओढून बाहेर येतो. पाय, मिशा, डोळ्यांवरचे आवरण, कल्ल्यांचे अस्तर, जठराच्या आतले अस्तरसुद्धा मागे राहते. म्हणून टाकलेले कवच इतके हुबेहूब दिसते. बाहेर पडल्यावर तो भरपूर पाणी शोषून अंग फुगवतो, म्हणजे नवे कवच मोठ्या मापावर कडक होईल. पुढच्या दिवसांत ते पाणी जाऊन तिथे मांस भरते. बाजारातून आणलेली कुर्ली कधीकधी आतून पाणचट, ‘पोकळ’ निघते ती याच कारणाने: तिने नुकतेच कवच टाकलेले असते.

दोन गोष्टी इथे लगेच लक्षात ठेवाव्यात. टाकलेले कवच काढून फेकू नये. तो ते कुरतडून खातो, त्यातला चुना परत मिळवतो. आणि कुशीवर किंवा पाठीवर पडलेला दिसला म्हणून त्याला हात लावू नये, काठीने सरळ करू नये, दुसऱ्या भांड्यात हलवू नये. मदत करायच्या ओढीने त्या घडीला केलेला हस्तक्षेप जिवावर बेततो. दिवे मालवावेत, पंप चालू ठेवावा आणि दूर व्हावे.

मला सगळ्यांत नवल वाटते ते त्याच्या तोल सांभाळण्याचे. छोट्या मिशांच्या बुडाशी त्याला एक इवलीशी पोकळी असते, तिच्यात वाळूचे कण असतात. कण ज्या बाजूला टेकतात ती बाजू खालची, हे त्याला त्यावरून कळते. कवच टाकताना या पोकळीचे अस्तर आणि वाळूही जाते, आणि नवे कण आत घ्यावे लागतात. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ आलोइस क्राइड्ल यांनी १८९३ मध्ये नुकतेच कवच टाकलेल्या कोळंब्यांना वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. मग वरून लोहचुंबक धरले की त्या कोळंब्या उलट्या होत, कारण त्यांच्या लेखी ‘खाली’ तिकडे होते. यावरून पाळणाऱ्याने घ्यायचे ते असे: तळाची काच उघडी ठेवू नये, बारीक धुतलेली वाळू घालावी. नदीची वाळू चालते. समुद्राची मिठाची असते, ती नको.

तुटलेला डेंगाही याच वाटेने परत येतो. पुढच्या कवचाबरोबर लहानसा डेंगा फुटतो आणि दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण आकाराच्या जवळ पोचतो. लगेच दिसला नाही म्हणून घाबरू नये.

चुना येणार कुठून?

जठरातल्या गोट्यांत आणि टाकलेल्या कवचात सगळा चुना मावत नाही. उरलेला पाण्यातून आणि अन्नातून मिळवावा लागतो. इथे गोव्याची अडचण सुरू होते.

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाला पाण्याचा जडपणा म्हणतात. ज्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो ते जड. आपल्याकडे जांभ्याची जमीन. जांभ्यातून झिरपलेले विहिरीचे पाणी पिण्याला गोड लागते, साबणाला भरपूर फेस देते, म्हणजे ते हलके असते आणि बहुधा किंचित आम्लही असते. पावसात पागोळ्यांचे धरलेले पाणी तर याहून रिकामे. असे पाणी निर्मळ दिसते, म्हणून माणसे मुद्दाम टाकीत भरतात, आणि मग क्रेफिशचे कवच दिवसेंदिवस मऊच राहते किंवा तो अर्ध्या कवचात अडकून मरतो. उलट किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात खारट होतात. म्हणून अंदाजाने न जाता दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या पट्टीने आपले पाणी एकदा तपासावे. पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ७ ते ८ च्या दरम्यान हवे आणि पाणी मध्यम ते जड हवे.

उपाय महाग नाही, आणि तो आपल्याच किनाऱ्यावर मिळतो. तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या स्वच्छ घासून, उकळून, वाळवून फिल्टरमध्ये किंवा जाळीच्या पिशवीत ठेवाव्यात. गोव्यात पूर्वी चुना करत तो अशाच शिंपल्या भाजून. न भाजलेल्या शिंपलीचा गुण असा की पाणी आम्ल झाले तर ती जास्त विरघळते आणि पाणी सावरले की विरघळणे मंदावते, त्यामुळे मात्रा चुकण्याची भीती फार नाही. समुद्रफेन, म्हणजे माणकीच्या पाठीतले पांढरे हलके हाड, तेही चालते. किनाऱ्यावर सापडलेले असेल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढावे. पानात खायचा ओला चुना मात्र थेट टाकू नये. तो पीएच एका झटक्यात वर नेतो.

नळाचे पाणी वापरणाऱ्यांसाठी वेगळी काळजी. ओपा, साळावली, अस्नोडा इथून येणारे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते. ते बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, एअर पंप सोडावा, मगच टाकीत घालावे, किंवा दुकानातले क्लोरीन मारणारे थेंब वापरावेत. आणि बादली प्लास्टिकची असावी. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी आपल्याला चालते, क्रेफिशला नाही. पाण्यात उतरलेले तांबे कवचधारी प्राण्यांच्या कल्ल्यांना जाळते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांतही तांबे असते, म्हणून बाटलीवरची यादी वाचल्याशिवाय कोणतेही औषध टाकू नये.

केवढी टाकी, आणि ती कधी भरायची?

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पूर्ण वाढलेल्या एका रेडक्लॉसाठी याहून लहान घेऊ नये. तीत काठोकाठ १९० लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन १९० किलो. पातळ पायांच्या टेबलावर ती ठेवता येणार नाही. उंचीपेक्षा तळाचे क्षेत्र महत्त्वाचे, कारण हा चालणारा प्राणी आहे.

टाकी भरली त्याच दिवशी प्राणी आणणे, ही नव्या माणसाची सगळ्यांत मोठी घाई. क्रेफिशच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो, तो विषारी. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलले की जाते. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर राहतात आणि कोऱ्या टाकीत ते नसतात. दुधात विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही, तसेच हे. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर नवी टाकी लवकर लागते. नाही तर चार ते सहा आठवडे थांबावे. स्पंज धुवायचा तोही टाकीतल्याच पाण्यात. नळाखाली धरला की क्लोरीनने जीवाणू मरतात.

आत लपायला जागा हवी. अंगापेक्षा थोडा मोठा मातीचा किंवा पीव्हीसीचा पाइप, फुटके मडके, जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे. दगड काचेच्या तळावर पक्के बसवून मग वाळू घालावी, कारण तो खाली उकरतो आणि दगड त्याच्यावर पडू शकतो. पाणवनस्पती फार काळ टिकणार नाहीत. तो त्या उपटतो, कापतो आणि खातो.

आणि झाकण. हवेच्या नळीवरून, वायरवरून, फिल्टरच्या कडेने तो चढतो. सगळी भोके बंद करून झाकणावर वजन ठेवावे. कल्ले ओले असेपर्यंत तो पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो आणि रात्रीत बराच लांब जाऊ शकतो.

मे महिना आणि फवारणीची गाडी

रेडक्लॉला २३ ते ३१ अंशांचे पाणी मानवते. गोव्यात हिटर लागत नाही. काळजी असते ती एप्रिल-मेची. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि त्याच वेळी प्राण्याची गरज वाढलेली असते. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, हवेचा पंप सतत चालावा. वीज जातेच, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप हाताशी असावा. पावसाळ्यातल्या लांबलेल्या अंधाऱ्या रात्री अनेक टाक्या याच एका वस्तूअभावी रिकाम्या होतात.

डासांचे औषध हा गोव्यातला लपलेला शत्रू. डेंगी-मलेरियाच्या दिवसांत वाड्यावर धुराची फवारणी होते. घरात आपण मॅट, लिक्विड, स्प्रे वापरतो. यांतली बहुतेक औषधे पायरेथ्रॉइड गटातली असतात. ती कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करतात, आणि क्रेफिश कीटकांचाच दूरचा भाऊबंद. माणसाला न जाणवणारी मात्रा त्याला लोळवते. हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो हे लक्षात घ्यावे. फवारणीची गाडी येणार असेल तर खिडक्या बंद कराव्यात, पंप तेवढा वेळ थांबवावा, टाकीवर ओले फडके टाकावे. ज्या खोलीत टाकी आहे तिथे मुंग्यांचा खडूसुद्धा नको.

खायला काय?

तो मुळात पाल्यापाचोळ्यावर जगणारा आहे. वाळलेले बदामाचे पान, परसातल्या फवारा न मारलेल्या झाडाचे, हे त्याचे रोजचे अन्न. ते तळाशी पडून राहू द्यावे. जोडीला उकडलेले गाजर, दुधी, भोपळा, मटार, आणि तयार खाद्याची बुडणारी गोळी. बाजारातली पालेभाजी फवाऱ्याची असू शकते, म्हणून नीट धुऊन, उकडूनच. मासळी आठवड्यातून एखाद्या वेळी, नखाएवढी. संध्याकाळी घालावे आणि सकाळी उरलेले काढावे.

कच्ची सुंगटे (कोळंबी) मात्र कधीही घालू नयेत. भारतातल्या कोळंबी शेतीवर १९९४ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचे संकट आहे. हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण क्रेफिशला मारतो, आणि फ्रिजरमध्ये गोठवूनही तो मरत नाही. सोललेल्या सुंगटांची डोकी टाकीत टाकणे म्हणजे आजार विकत आणणे. उकडून घातले तर चालते.

सोबतीला कोणी ठेवावे का?

नाही. संथ मासे तो रात्री पकडतो, चपळ मासे त्याचे अन्न पळवतात. दुसरा क्रेफिश ठेवला तर ज्या दिवशी एक कवच टाकून मऊ पडतो त्या दिवशी दुसरा त्याला खातो. त्याला एकटेपणा जाचत नाही, जाचते ती लपायला जागा नसणे.

त्याला काही कळते तरी का?

हा प्रश्न चेष्टेने विचारला जातो, पण उत्तर गंभीर आहे. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेंच संशोधकांचा अभ्यास आला. सौम्य विजेच्या झटक्यांनी बिथरलेले क्रेफिश उजेडाच्या वाटा टाळून अंधारातच राहू लागले, आणि माणसांना चिंतेवर देतात त्या गटातले औषध दिल्यावर पुन्हा मोकळे फिरू लागले. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंडी, क्रेफिश यांना संवेदना असलेल्या प्राण्यांत धरले. काचेवर टिचक्या मारणे, पाहुण्यांसाठी त्याला बाहेर काढणे, दिवा चोवीस तास चालू ठेवणे या गोष्टी म्हणून टाळायच्या. दिवसा तो लपलेला असतो. संध्याकाळी दिवा मंद करून शेजारी बसले की तो बाहेर येतो, मिशा फिरवत वाळू चाळतो. पाळण्याचा आनंद तोच.

‘नकोसा झाला तर व्हाळात सोडू, त्याचा जीव तरी वाचेल’

हे दयेपोटी बोलले जाते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिला स्कॅम्पी म्हणतात, तिची पिल्ले निमखाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत. मादीला नदीच्या मुखाकडे उतरावे लागते. वरच्या बाजूच्या बंदिस्त तळ्यात ती सोडली तर तिथल्या तिथे तिची पैदास होत नाही. क्रेफिशला अशी अट नाही. मादी शेकडो अंडी शेपटीखाली धरून फिरते आणि त्यांतून थेट छोटे क्रेफिश बाहेर पडतात. काही दिवस ते आईला चिकटून राहतात आणि मग स्वतंत्र होतात. समुद्र नको, खाडी नको. कुळागरातले तळे, पाट, शेताचा बांध पुरतो.

‘एकटाच सोडला तर कसली पैदास?’ पोटाशी अंडी असलेली मादी एकटी पुरते. आणि मार्बल्ड क्रेफिशच्या बाबतीत तर नराची गरजच नाही. या जातीत सगळ्या माद्याच असतात आणि प्रत्येक मादी स्वतःच्याच प्रतिकृती जन्माला घालते. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या टाक्यांमध्ये ती पहिल्यांदा लक्षात आली, आणि आज ती मादागास्करच्या नद्यांत आणि भातखाचरांत पसरली आहे. हा क्रेफिश दुकानात दिसला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आपल्या पाण्यात तो टिकणार आहे थोडाच?’ रेडक्लॉचे माहेर आठवावे. उत्तर ऑस्ट्रेलियात आपल्यासारखाच मोसमी पाऊस पडतो: चार महिने पूर, मग लांब कोरडा काळ. गोव्यात हिटरशिवाय तो पाळता येतो, याचाच अर्थ गोव्याच्या नदीतही तो हिटरशिवाय जगेल. आफ्रिकेत झांबिया-झिंबाब्वेमधल्या कारिबा जलाशयात तो पसरला आहे, आणि जाळ्यात अडकलेले मासे तो कुरतडत असल्याने मच्छीमारांचे नुकसान होते. लुइझियानाचा लाल क्रेफिश १९७० च्या दशकात स्पेनच्या ग्वादालकिवीर नदीकाठच्या भातशेतीत सोडला गेला; त्याने बिळे पाडून बांध आणि पाट पोखरले. केनियातल्या नैवाशा सरोवरात तो १९७० मध्ये सोडला, नंतर तिथल्या पाणवनस्पतींची धूळधाण झाली.

आता आपली खाजने डोळ्यांसमोर आणावी. मातीचे बांध, मानशीतून (बांधातल्या पाणदारातून) आत-बाहेर होणारे पाणी, आत भात आणि सुंगटे. कुर्ल्यांनी पाडलेली भोके बुजवता बुजवता बांध राखणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात. त्यात आणखी एक पोखरणारा कशाला? काही क्रेफिश थोडे खारे पाणीही सोसतात, त्यामुळे खाडी त्यांना अडवील या भरवशावर राहता येत नाही.

‘गोव्यात कुर्ल्या आहेतच की, आणखी एकाने काय बिघडते?’ इथल्या कुर्ल्या इथल्या माशांबरोबर, पक्ष्यांबरोबर, पाऊसमानाबरोबर वाढल्या आहेत. सह्याद्रीच्या व्हाळांतल्या गोड्या पाण्याच्या कुर्ल्यांच्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. बाहेरून आलेला क्रेफिश त्यांची बिळे, त्यांचे अन्न बळकावतो आणि सोबत आजार आणतो. अमेरिकन क्रेफिशबरोबर गेलेल्या एका बुरशीसारख्या रोगाने एकोणिसाव्या शतकापासून युरोपातले मूळचे क्रेफिश ठिकठिकाणी संपवले. अमेरिकन जातींना त्या रोगाने सहसा काही होत नाही, त्या फक्त तो वाहून नेतात.

मुद्दाम सोडण्याइतकाच धोका निसटण्याचा. २०१८ च्या महापुरात केरळात पाळलेले अरापैमासारखे परदेशी मासे नद्यांत गेले आणि चालकुडीच्या नदीत जाळ्यात सापडले. गोव्यातला जून त्याहून वेगळा नाही. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत, तुळशीमागच्या हौदात, कुळागरातल्या तळ्यात क्रेफिश ठेवू नये. चढणीचे मासे ज्या पाण्याने वर येतात त्याच पाण्याने तो खाली जाईल. घरात, झाकणाखाली, एवढीच त्याची जागा.

कायदा काय म्हणतो, आणि शेती करता येईल का?

युरोपीय संघाने २०१६ मध्ये लाल आणि मार्बल्ड क्रेफिशसह पाच जाती बंदीच्या यादीत घातल्या. त्या विकता, पाळता, सोडता येत नाहीत. जपानने २०२३ पासून लाल क्रेफिश विकायला आणि सोडायला मनाई केली, पण घरी असलेला सांभाळायला परवानगी ठेवली, कारण सरसकट बंदी घातली असती तर लोकांनी भीतीने तो नद्यांत टाकला असता. भारतात परदेशी जलचर आणायला केंद्र सरकारची परवानगी आणि विलगीकरण लागते. दुकानदाराला जात कोणती, कुठून आली, हे विचारावे. सांगता आले नाही तर घेऊ नये. तळे खणून रेडक्लॉची शेती करायचा विचार असेल तर आधी मत्स्योद्योग खात्याशी बोलावे. दूरचित्रफितींतले नफ्याचे आकडे पाहून पिल्ले आणू नयेत.

खाता येतो का, हेही गोव्यात विचारले जाणारच. जगात कित्येक ठिकाणी तो आवडीने खातात. पण दुकानातल्या शोभेच्या प्राण्याला कोणती औषधे दिली गेली ते माहीत नसते, म्हणून टाकीतला खाऊ नये.

सांभाळणे जमेनासे झाले तर

तो दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे. दोन्ही जमले नाही तर पशुवैद्याला विचारावे. मेलेला क्रेफिश जमिनीत खोल पुरावा, व्हाळात टाकू नये. टाकीचे पाणी गटारात, पाटात, विहिरीजवळ ओतू नये. त्यात पिल्ले असू शकतात, विषाणू असू शकतात. माडाच्या आळ्यात, पाण्याच्या वाटेपासून दूर ओतले तर माडाला खत होते. जाळी, वाळू, पाइप कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच दुसऱ्या टाकीला वापरावे.

दुसऱ्याला देताना पाण्याची चाचणी, अन्नाची सवय आणि शेवटचे कवच कधी टाकले ती तारीख कागदावर लिहून द्यावी. रेडक्लॉ चार-पाच वर्षे जगतो, आणि नव्या मालकाला पहिल्याच महिन्यात तो ‘मेलेला’ दिसण्याची शक्यता असते.